रझांचे जलरंग : नागपूर, गोंदिया, मुंबई, पॅरिस
(प्रस्तावना)

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) हे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा बिंदू उभा राहतो. तो मोठ्या कॅनव्हासवर, दाट रंगांत रंगवलेला असतो. रझांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी तो आला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधीचे, आणि बरेच कमी पाहिले गेलेले रझा कागदावर काम करणारे होते. नागपुरात चित्रकला शिकताना, गोंदियात ती शिकवताना, मुंबईत ब्लॉक स्टुडिओत नोकरी करताना आणि काश्मीरमध्ये हिंडताना त्यांच्या हातात मुख्यतः जलरंगच होते. १९४० ते १९५२ या सुमारे बारा वर्षांत एक जलरंगचित्रकार कसा घडला, त्याने पोट कसे भरले, त्याची नजर कशी बदलत गेली आणि शेवटी त्याने हे माध्यम का सोडले, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. रझांच्या चरित्रात हा काळ सहसा ‘सुरुवातीची वर्षे’ म्हणून दोन परिच्छेदांत आटोपला जातो. हा त्याच्यावर अन्याय आहे. कारण रंगाचा निर्णय झटपट घेण्याची जी सवय त्यांच्या पुढच्या चित्रांत दिसते, ती याच काळात कागदावर लागली.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात उपवनक्षेत्रपाल होते, त्यामुळे बालपण जंगलातल्या सरकारी वसाहतींत आणि ककैया गावच्या शाळेत गेले. तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात मंडला, बालाघाट, भंडारा हे जिल्हे एकाच राज्यकारभारात होते आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला. नकाशावर आज आडवी असलेली राज्यांची सीमा तेव्हा नव्हती. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची नॅरोगेज गाडी बालाघाट आणि नैनपूरवरून जाई, आणि नैनपूरहून मंडल्याला फाटा फुटे. त्याच गोंदिया जंक्शनवरून दुसरी लहान गाडी दक्षिणेला अर्जुनी मोरगाव, वडसा करत चांद्याकडे निघे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, गडचिरोलीच्या सीमेजवळचे केशोरी गाव याच दुसऱ्या वाटेवरच्या जंगलपट्ट्यात येते. वनरक्षकाची चौकी, तेंदूपानाचा हंगाम, मोहाची झाडे, गावाशेजारचा मालगुजारी तलाव आणि अंधार पडला की सुरू होणारे जंगलाचे आवाज, हे रझांनी बालपणाचे म्हणून जे जग पुढे आयुष्यभर सांगितले, ते केशोरीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

शाळेतल्या एका प्रसंगाचा उल्लेख रझा वारंवार करत. मुलाचे लक्ष सारखे उडते हे पाहून नंदलाल झारिया या शिक्षकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि मुलाला त्याच्याकडे पाहत बसवले. बिंदूची कुळकथा म्हणून ही आठवण इतकी सांगितली गेली आहे की तिच्या आड बाकीचे शिक्षण झाकून जाते. तेराव्या वर्षी रझा दमोहला गेले, तिथल्या सरकारी हायस्कूलमधून त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि १९३९ मध्ये नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. बापूराव आठवले यांच्या या शाळेत त्यांचा हात तयार झाला. याच विदर्भातून पुढे त्यांच्या बरोबरीने उभे राहिलेले हरी अंबादास गाडे आले. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात मुंबईचे जे नाव झाले त्यात नागपूरच्या हिश्श्याची नोंद फारशी घेतली जात नाही, म्हणून ती इथे केली आहे.

नागपूरच्या शिक्षणानंतर रझा गोंदियाच्या सरकारी हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर झाले. ही नोकरी थोड्याच काळाची होती. तिचे महत्त्व वेगळे आहे. महाराष्ट्रात आणि मध्य प्रांतात जलरंगात काम करणाऱ्यांची एक संपूर्ण फळी शाळेच्या ड्रॉइंग मास्तरकीवर जगली. पगार ठरलेला, दुपारनंतरचा वेळ मोकळा, उन्हाळ्याची लांब सुटी, आणि साहित्य एवढे थोडे की खांद्यावरच्या पिशवीत मावावे. तैलरंगांना स्वतंत्र जागा लागते, वाळायला दिवस लागतात, टर्पेंटाइनचा वास घरभर राहतो. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मास्तरला जलरंगच परवडत. माध्यमाची निवड पुष्कळदा चित्रकाराच्या स्वभावाने होते असे म्हणतात. घराच्या क्षेत्रफळानेही होते, हे मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

हे माध्यम कसे चालते ते नीट पाहिल्याशिवाय रझांची त्या काळातली चित्रे वाचता येत नाहीत. जलरंग म्हणजे बारीक घोटलेले रंगद्रव्य आणि डिंक. पाणी मिसळले की रंग पसरतो, पाणी उडून गेले की डिंक रंगाचे कण कागदाला धरून ठेवतो. पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत. प्रकाश कागदाचा असतो. रंगाच्या पातळ थरातून उजेड आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, म्हणून चांगल्या जलरंगाला आतून उजळल्यासारखे तेज असते. याचा व्यवहारात अर्थ असा की जिथे पांढरे ठेवायचे ती जागा आधीच ठरवून सोडावी लागते. काम फिक्याकडून गडदाकडे जाते. तैलचित्रात चुकलेली जागा खरवडून पुन्हा रंगवता येते, वरून उजेडाचा ठिपका ठेवता येतो. जलरंगात गडद झालेली जागा पुन्हा तेवढी उजळ होत नाही, आणि धुवून काढायला गेले तर कागदाचा पोत उसवतो.

म्हणून जलरंगचित्रकाराचे खरे काम ब्रश उचलण्यापूर्वी होते. आकाशाचा वॉश किती खाली आणायचा, झाडांच्या कडा ओल्यात मिसळू द्यायच्या की वाळल्यावर ठसठशीत घ्यायच्या, माणसे शेवटी टाकायची की त्यांच्यासाठी कोरी जागा राखायची, हे सगळे मनात लागलेले असावे लागते. मग वीस-पंचवीस मिनिटांत मोठे वॉश पडतात. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की तो आपल्या मर्जीने पसरतो आणि धुके, पाऊस, लांबचे डोंगर यांच्यासाठी तो पसरू द्यायचा असतो. कागद अर्धवट ओला असताना, म्हणजे त्याची चमक नुकतीच जाऊ लागलेली असताना, जो दाट रंग टाकला जातो त्याची कड मऊ राहते पण आकार सुटत नाही. हा क्षण ओळखणे हीच निम्मी कारागिरी. तो हुकला आणि जास्त पाण्याचा ब्रश लागला तर वाळत आलेल्या रंगात पाणी घुसून फुलकोबीसारखा डाग उमटतो. काही चित्रकार हे डाग मुद्दाम ठेवतात. बहुतेकांच्या हातून ते राहून जातात आणि नंतर ‘इफेक्ट’ म्हणून त्यांचे समर्थन होते. शेवटी कोरड्या ब्रशचे फटकारे येतात, ज्यांत खडबडीत कागदाचे उंचवटे तेवढे रंग धरतात आणि खाचा पांढऱ्या राहतात.

यात हवेचा वाटा मोठा आहे. गोंदिया-केशोरीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांपर्यंत जातो आणि वारा कोरडा असतो. उघड्यावर बसून आकाशाचा वॉश घेतला तर पानाच्या खालच्या कडेला पोचेपर्यंत वरची कड वाळलेली असते, मधे पट्टे पडतात. इथला चित्रकार सकाळी लवकर काम उरकतो, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेतो. आषाढ-श्रावणात उलटे. हवाच इतकी ओली की एका वॉशसाठी तास थांबावे लागते, कागदातल्या सरसाला पाणी सुटते, ठेवणीतल्या कागदांवर बुरशीचे ठिपके येतात. तरीही या भागाचे चित्र पावसाळ्यातच काढावेसे वाटावे असे असते. रोवणीच्या वेळी बांध्यांत पाणी साचलेले, त्यात आभाळ उतरलेले, इटियाडोह धरणामागे जंगलाची गडद रेघ, नवेगावबांधच्या तळ्यावर धूसर किनारा. ज्या दृश्यात पाणी, वाफ आणि उजेड एकमेकांत मिसळलेले असतात त्याला जलरंग जेवढा न्याय देतो तेवढा दुसरे माध्यम देत नाही. रझांच्या हातात हे माध्यम आले तेव्हा असा प्रदेश त्यांच्या पाठीशी होता. गंमत अशी की त्यांची गाजलेली पावसाळी चित्रे मात्र भाताच्या बांध्यांची नाहीत, ती मुंबईच्या रस्त्यांची आहेत.

१९४३ मध्ये मध्य प्रांत सरकारने त्यांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. नोकरीतून मोकळे होऊन ते मुंबईत पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला होता. प्रवेश बंद झाला होता आणि शिष्यवृत्तीही गेली. अकोल्याला चित्रकला शिक्षकाची जागा देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. मुंबईत राहून त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली. छापखान्यासाठी जस्ताचे आणि तांब्याचे हाफटोन ब्लॉक बनवणारी अशी दुकाने तेव्हा फोर्ट-गिरगाव भागात पुष्कळ होती. हाफटोनमध्ये चित्राच्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत मोडल्या जातात, त्यामुळे मूळ चित्रात काळ्यापांढऱ्याची विभागणी स्पष्ट नसेल तर छापील चित्र चिखल होते. अशा कामाने छटांची शिस्त लागते. दिवसभर मालकाचे काम, रात्री आणि सुटीच्या दिवशी स्वतःचे, असा रझांचा क्रम होता. नंतर त्यांना ज. जी.मध्ये प्रवेश मिळाला आणि १९४७ पर्यंत ते तिथे शिकले.

या काळातले त्यांचे विषय नोकरीच्या जागेने ठरवलेले आहेत. वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारे रस्ते, ट्राम, व्हिक्टोरिया, छत्र्या, दुकानांच्या पाट्या, ओल्या डांबरावर पडलेले दिव्यांचे प्रतिबिंब. नजर वरून खाली आहे, त्यामुळे आकाश थोडे आणि रस्ता जास्त. माणसे चार-दोन फटकाऱ्यांची. चेहरे नाहीत, पण चाल ओळखू येते. नागपूरहून शिकून आलेल्या विद्यार्थ्याकडे असते ती काटेकोर बाह्यरेषा या चित्रांतून झपाट्याने गळून पडली. गर्दीचा वेग पकडायचा तर कड सोडावी लागते, हे त्यांना मुंबईच्या पावसाने शिकवले असे म्हणायला हरकत नाही.

ज्या मुंबईत रझा आले तिथे जलरंगाची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित होती. ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये. इंग्रज शिक्षकांनी आपल्या देशातली जलरंगातल्या निसर्गचित्रांची रीत इथे आणली आणि मराठी चित्रकारांनी ती आपलीशी केली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठी बसून रंगवत राहिले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी जलरंगातून पुस्तके सजवली. ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथातली त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. पण जलरंगाची ताकद कुठवर जाते याचे शेवटचे टोक पाहायचे तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्याकडे जावे लागते.

हळदणकर सावंतवाडीचे. १९०३ मध्ये ज. जी.त आले, १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. व्यावसायिक चित्रकार म्हणजे काय याचा ते नमुना होते: व्यक्तिचित्रांच्या मागण्या, संस्थानिकांचे आश्रय, प्रदर्शनांतली पदके आणि शिकवणीचे नियमित उत्पन्न. १९४५–४६ च्या सुमारास त्यांनी आपली कन्या गीता हिला समोर उभे करून, हातात दिवा आणि दुसऱ्या तळव्याने त्याला आडोसा, असे चित्र जलरंगात रंगवले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. प्रकाशाचा एकच उगम, तोही तळव्याआड. बोटांच्या पेरांतून लालसर उजेड झिरपतो, चेहऱ्यावर खालून येतो, साडीच्या चुण्यांत विरतो, आणि बाकी सगळा अंधार. फिक्याकडून गडदाकडे जाणाऱ्या माध्यमात एवढा अंधार डाग न पडता चढवणे आणि बोटांमधला उजेड शेवटपर्यंत राखणे हे किती अवघड आहे ते जलरंग वापरणाऱ्यालाच कळेल. लोक हे चित्र अनेकदा तैलरंगातले समजतात आणि त्याहून अनेकदा राजा रविवर्म्याचे.

हळदणकर आणि तरुण रझा यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर होते. एकाने जलरंगाला तैलरंगाच्या तोडीची घट्ट पूर्णता दिली, दुसऱ्याने त्याच्यातला अपुरेपणा, वाहतेपणा उघड ठेवला. दोघांपैकी कोण श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. पण पेशाच्या दृष्टीने एक फरक महत्त्वाचा. हळदणकरांचे गिऱ्हाईक चित्रात कौशल्य शोधणारे होते. रझांना गिऱ्हाईक मिळाले ते चित्रात चित्रकाराची नजर शोधणारे, आणि ते मिळाले युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेल्या तिघांमुळे.

वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियन चित्रकार टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक होते. रुडॉल्फ फॉन लायडन त्याच दैनिकात कलासमीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या व्यवसायात होते आणि तरुणांची चित्रे विकत घेत. नाझींच्या काळात युरोप सोडून आलेल्या या मंडळींनी आपल्या घरातली पुस्तके आणि रंगीत प्रतिकृती इथल्या पोरांपुढे उघडल्या. लँगहॅमर यांच्या नेपियन सी रोडवरच्या घरी तरुण चित्रकार जमत, आणि तिथे यजमानाला रंगवताना पाहता येई. लँगहॅमर यांचा रंग चित्रकार कोकोश्काच्या वळणाचा, तापलेला. त्यानंतर रझांच्या जलरंगांतला करडा-तपकिरी सूर मागे पडला, शुद्ध लाल, पिवळे, निळे शेजारी शेजारी येऊ लागले, आणि पारदर्शक वॉशच्या जोडीला अपारदर्शक रंगाचे दाट थर दिसू लागले. पारदर्शकतेचा सोवळेपणा त्यांनी इथेच सोडला. इंग्रजी शिस्तीत वाढलेल्या परीक्षकाला हे खटकले असते. सोसायटीच्या परीक्षकांना ते फारसे खटकलेले दिसत नाही. १९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात रझांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, त्याच वर्षी सोसायटीचे रौप्यपदक मिळाले आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक.

१९४७ मध्ये सूझा, आरा, बाक्रे, गाडे, हुसेन आणि रझा यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. त्याच्याविषयी एवढे लिहिले गेले आहे की इथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. कागदापुरते एक सांगता येते. या ग्रुपचे बरेच काम सुरुवातीला कागदावर होते. आरांची फुलांची चित्रे जलरंगांत, गाडेंची निसर्गचित्रेही. बंडाच्या भाषेमागे ही साधी अडचण होती की कॅनव्हास महाग होता. कागदावरचे चित्र लवकर होते, काचेच्या फ्रेममध्ये बसते, गिऱ्हाईकाच्या फ्लॅटच्या भिंतीवर मावते आणि त्याची किंमत मध्यमवर्गीय रसिकाला झेपते. तोट्याची बाजू तेवढीच खरी: त्याला कायम कॅनव्हासच्या खालचा दर मिळतो. रझांच्याच बाबतीत पाहिले तर २०२३ मध्ये ५१.७५ कोटी रुपयांना विकले गेलेले ‘जेस्टेशन’ हे १९८९ चे चित्र कॅनव्हासवरचे आहे. त्यांची सुरुवातीची जलरंगचित्रे बाजारात त्याच्या जवळपासही जात नाहीत.

फाळणीने रझांचे कुटुंब विस्कटले. १९४७ मध्ये आई वारली, १९४८ मध्ये वडील वारले; भावंडे आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले आणि तिथे त्यांनी जलरंगांत सलग काम केले. ‘बारामुल्ला इन रुइन्स’ हे टोळीवाल्यांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावाचे चित्र त्याच वर्षीचे. मुंबईच्या रस्त्यांवरची गर्दी या चित्रांत नाही. घरांच्या भिंती, उतरती छपरे, मागे डोंगर, आणि माणसांची अनुपस्थिती. ती केवळ कथनाची नाही, रचनेचीही आहे: घन आकार एकमेकांवर रेलून उभे आहेत आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागांना प्रथमच वजन आले आहे.

श्रीनगरमध्येच फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी त्यांची गाठ पडली. चित्रे पाहून ते म्हणाले की हात गुणी आहे, पण चित्रांना बांधणी नाही. इमारतीला पाया, भिंती, छप्पर असते तसे चित्रालाही लागते, त्यासाठी सेझान पाहा. हा सल्ला रझांनी आयुष्यभर सांगितला. कौतुकाची बाब म्हणजे ज्या सेझानकडे बोट दाखवले गेले तो स्वतः जलरंगाचा मोठा कारागीर होता. शेवटच्या वर्षांतल्या त्याच्या डोंगरांच्या जलरंगचित्रांत निम्म्याहून अधिक कागद कोरा असतो, आणि त्या कोरेपणातच आकार उभे राहतात. रझांनी मात्र सेझानकडून कोरा कागद घेतला नाही. घेतली ती बांधणी. मुंबईला परतल्यावर त्यांनी आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकायला सुरुवात केली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये पॅरिसला प्रयाण केले. तिथल्या एकोल द बोझारमध्ये ते १९५३ पर्यंत होते.

पॅरिसमधली पहिली वर्षे अजून कागदाचीच आहेत, पण जलरंग आता गुआशच्या, म्हणजे दाट अपारदर्शक रंगाच्या रूपात. ‘ओ द काञ’ हे १९५१ चे चित्र याचा उत्तम नमुना. दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरी गावाची घरे भूमितीच्या तुकड्यांत बसवलेली, रस्ते रिकामे. मुंबईच्या चित्रांत रंग वाहत होता. इथे तो कापून लावल्यासारखा सपाट आहे, कडा धारदार आहेत. ब्लॉक स्टुडिओतली छटांची विभागणी आणि राजपूत-पहाडी लघुचित्रांतले सपाट रंग या दोन्ही आठवणी इथे एकत्र आल्या असाव्यात असे चित्र पाहताना वाटते. १९५२ मध्ये गॅलरी सँ-प्लासिदमध्ये सूझा आणि अकबर पदमसी यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली.

पुढच्याच वर्षापासून तैलरंग आले आणि जलरंग मागे पडले. याचे कारण फ्रान्सच्या बाजारात शोधले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे: तिथे चित्रकाराची इभ्रत कॅनव्हासवर ठरत असे. पण चित्रे पाहिली तर दुसरे कारण जास्त पटते. बांधणीचा ध्यास लागलेल्या माणसाला चित्र अनेक बैठकांत उभे करायचे असते. काल ठेवलेला रंग आज बदलायचा असतो, थरावर थर देऊन पृष्ठभाग जाड करायचा असतो. जलरंग याला परवानगी देत नाही. ज्याचा निर्णय ब्रश उचलण्यापूर्वी पुरा झालेला असतो त्याचे ते माध्यम आहे. रझांना निर्णय रंगवताना घ्यायचे होते. १९५६ मध्ये त्यांना ‘प्री द ला क्रितिक’ हा फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तेव्हा ते पूर्णतः तैलचित्रकार झाले होते. पुढे ॲक्रिलिक आले. ते पाण्याने पातळ होते, झटपट वाळते आणि वरून पुन्हा रंगवू देते, म्हणजे जलरंगाचा वेग आणि तैलरंगाची दुरुस्ती दोन्ही त्यात सापडतात. बिंदूची चित्रे याच रंगांत झाली, हे तांत्रिक अंगानेही समजण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात जलरंगावरच संपूर्ण कारकीर्द उभी करणारे चित्रकार नंतरही झाले. नाशिकचे शिवाजी तुपे, पुण्याचे मिलिंद मुळीक ही ठळक नावे. त्यांच्या उत्पन्नाचे स्रोत हळदणकरांच्या काळापेक्षा वेगळे आहेत: प्रात्यक्षिके, कार्यशाळा, शिकवणारी पुस्तके. ड्रॉइंग मास्तरकीची जुनी वाटही बुजलेली नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आजही खेड्यापाड्यांतल्या मुलांना रंगपेटीपर्यंत नेतात, आणि त्यांतला स्मरणचित्राचा पेपर हा जलरंगासाठी सर्वांत उपयोगी अभ्यास आहे, कारण समोर वस्तू नसताना काय सोडायचे ते ठरवावे लागते. जत्रा, बाजार, रोवणी असे विषय विचारले जातात. केशोरीच्या मुलाला रोवणी आठवावी लागत नाही. ती कमी किती करायची एवढेच शिकायचे असते.

रझांच्या जलरंगांचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक व्यावहारिक अडचण कायम राहते. कागदावरचा रंग उजेडाने उडतो. काही लाल आणि जांभळे रंग विशेष नाजूक असतात. संग्रहालये अशी चित्रे मंद प्रकाशात, सुमारे ५० लक्सच्या आत, आणि काही महिनेच मांडतात, मग त्यांना आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत बराच काळ विश्रांती देतात. मुंबईच्या दमट हवेत खाजगी भिंतींवर वर्षानुवर्षे टांगलेल्या चित्रांचे रंग मूळ रंग आहेत असे धरून चालता येत नाही. छापील प्रतींचे तर बोलायलाच नको. कागदाच्या पांढऱ्याने येणारा उजेड चार रंगांच्या छपाईत निम्मा मरतो. त्यामुळे १९४०–५० मधल्या या चित्रांविषयी केलेले कोणतेही विधान मूळ कागद समोर ठेवून, शक्यतो फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेल्या कडेचा न उडालेला रंग पाहून, तपासून घ्यावे लागते.